मेलेल्यांनाही धावता येतं

माणसाचा दात कधीच पांढरा नसतो, हे समजायला तिला नोकरीचं पहिलं वर्ष लागलं. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, मध्ये दुधाळ आणि टोकाला काचेसारखा जरासा निळसर. दातांच्या लॅबमध्ये तिचं काम हेच होतं. डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर प्लास्टरचे जबडे ओतायचे, मेणात दात कोरायचे, चिनी मातीचे थर चढवून भट्टीत भाजायचे आणि इतक्या बारीक ब्रशानं रंगवायचे की शेजारच्या खऱ्या दातालाही पत्ता लागू नये. अनोळखी माणसं तिनं घडवलेल्या दातांनी हसत होती, चावत होती, भांडत होती. आपलं नाव त्यांना ठाऊक नाही, याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्याची जागा वेगळी होती आणि ती घरातच होती.

त्याच ब्रशानं तिनं एक सैन्य रंगवलं होतं. बोटाच्या पेराएवढे सांगाडे, गंजलेले भाले, फाटकी निशाणं, आणि या सगळ्यांना थडग्यातून उठवणारा मुकुटधारी मेलेला राजा. टेबलावर खेळायच्या युद्धाचं हे सैन्य. दोन खेळाडू, मधोमध पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि पडक्या भिंती, हातात फासे आणि मोजपट्टी. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी मंडळ जमायचं. तिला तिथं पहिल्यांदा नेलं ते तिच्या धाकट्या दिरानं. नियमही त्यानंच शिकवले, तेही तोंडी. नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड. "तू कशाला डोळे फोडतेस, वहिनी, मी सांगतो ना," असं तो म्हणाला होता, आणि तिनं ते मानलं होतं. मंडळातल्या निम्म्या लोकांची सैन्यं तिनं रंगवून दिली होती. दिराचे कुऱ्हाडवाले तर पायाच्या नखापर्यंत. खेळात मात्र ती हरायची. त्याच्याशी तर एकदाही जिंकली नव्हती.

शहराशहरांच्या मंडळांची मोठी स्पर्धा जाहीर झाली, त्या रविवारी दिरानं सगळ्यांसमोर विषय काढला.

"वहिनी, तुझं सैन्य न्यायचं हं या वेळी. रंगकामाचं बक्षीस आपलंच."

"नेऊ की, भावजी."

"फक्त खेळतील आमचे साहेब."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण साहेब?"

"आमच्या बँकेच्या शाखेचे. त्यांना हल्ली गोडी लागलीय या खेळाची. डोकं म्हणजे काय डोकं आहे! आता त्यांच्याकडे सैन्य नाही, तुझ्याकडे आहे. तुलाही खेळायचा ताप नको. तू बरोबर ये ना. काही तुटलं-फुटलं तर चिकटवायला तू हवीसच."

"म्हणजे माझं सैन्य काय भाड्यानं द्यायची भांडी आहेत?"

कुणीतरी हसलं. दीरही हसला, आणि हात पसरून मंडळींकडे वळला. "बघा, चिडली. मी म्हटलं नव्हतं?"

मग तिचं भान सुटलं. सैन्याचं बोलता बोलता ती त्यानं हरवलेल्या लग्नातल्या फोटोंवर गेली, तिथून त्यानं नेलेल्या आणि परत न आलेल्या शिडीवर, तिथून त्याच्या कुऱ्हाडवाल्यांना रंगवताना सुजलेल्या आपल्या मानेवर. आवाज चिरकला. लोक मोजपट्ट्या गुंडाळू लागले. आपलं म्हणणं खरं आहे आणि तरीही आपण हरतो आहोत, हे तिला बोलता बोलताच कळत होतं; थांबता येत नव्हतं.

अखेर मंडळाचे चिटणीस, सगळे ज्यांना पोस्टमास्तर म्हणत, ते म्हणाले, "असं करा. महिनाअखेरीस तुम्ही दोघं एक डाव खेळा. वहिनी जिंकल्या तर संघात वहिनी. नाहीतर साहेब."

"कबूल," ती म्हणाली. आणि रागाच्या भरात पुढचंही बोलून गेली, "हरले तर सैन्य मी स्वतः पेटीत भरून देईन."

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. "जाऊ दे ना. खेळच तर आहे."

त्या दिवशी तिनं एक स्वच्छ पातेलं तीनदा घासलं.

मंडळाच्या कपाटातलं पुस्तक सही करून ती लॅबमध्ये घेऊन गेली. भट्टी तापेपर्यंत वाचायची. पहिले दिवस नुसता वैताग. एका नियमाचं शेपूट दुसऱ्या नियमात, त्याचं तिसऱ्यात. पण मेणात दात कोरणाऱ्या माणसाला घाई करून चालत नाही. मृतसेना कधी पळून जात नाही, हे तिला ठाऊक होतं. चकमक हरली की तिचे सांगाडे आपोआप ढासळतात, हेही. राजा पडला की सगळं सैन्य मातीला मिळायला लागतं, हे तर दिरानं पढवूनच घेतलं होतं: "राजाला मागं ठेव, वहिनी. अगदी मागच्या कडेला. आणि तुझ्या लोकांना धावता येत नाही, मेलेलेच ते." वर्षानुवर्षं तिचे सांगाडे मुंगीच्या पावलानं टेबल ओलांडत होते आणि निम्म्या वाटेतच कुऱ्हाडींखाली भुगा होत होते.

मग ते पान आलं. मृतांच्या तुकडीला धावता येत नाही, हे खरं. पण राजा तिच्या जवळपास असेल तर येतं. दुप्पट चाल. शिवाय पडलेले सांगाडे राजा दर फेरीत मंत्रानं उठवू शकतो, तेही तो जवळ असेल तरच.

तिनं पान पुन्हा वाचलं. भट्टीची घंटी वाजली तरी ती उठली नाही. आतला दात करपला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीर वरच्याच मजल्यावर राहायचा. संध्याकाळी आईच्या हातचा चहा प्यायला तो खाली आला, तेव्हा तिनं पुस्तक त्याच्या कपाशेजारी आपटलं.

"हे काय आहे?"

त्यानं वाकून वाचलं. चेहऱ्यावर लाज नव्हती. कुणी लहान मुलानं अवघड शब्द उच्चारावा, तसं कौतुक होतं. "अरे वा, सापडलं तुला!"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं ना. पण राजा पुढं आणून सांभाळणं सोपं नाही, वहिनी. तुझा गोंधळ उडाला असता. म्हटलं, तुला सोपं जावं."

तो खोटं बोलत असता तर बरं झालं असतं. तो अगदी मनापासून बोलत होता. तिच्या तोंडातून मग जे निघालं, त्यानं कपबशीसुद्धा थरथरली असेल. तो शांतपणे चहा संपवून उठला, आणि दारातून म्हणाला, "याच डोक्यानं खेळणार का महिनाअखेरीस?"

सासूबाई टेबलाच्या टोकाला विणत बसल्या होत्या. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात गेलेला. कोण किती वेळ बोलेल हे पहिल्या हॅलोवरून सांगायच्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या.

"त्याचे ते कुऱ्हाडवाले मला दे."

"काय?"

"मी त्याच्याकडून खेळते. आण बटणं. नियम तू वाच, मी करते."

मग सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर बटणांचं युद्ध सुरू झालं. सासूबाई लबाडी करायच्या, फासे मनासारखे पडले नाहीत की टेबल हललं म्हणायच्या, आणि सुनेची बटणं उचलताना "चला, तुम्ही घरी" असं बजावायच्या. पण एक प्रश्न त्यांनी असा विचारला की ती मोजपट्टी धरून तशीच उभी राहिली.

"हे माझे लोक सारखे धावत का सुटतात गं? मला थांबायचंय."

"थांबता येत नाही, आई. ते पिसाळलेले आहेत. समोर टप्प्यात कुणी दिसलं की त्यांनी तुटून पडायचंच. आणि समोरचा संपला तरी त्याच झोकात पुढं."

"समोर कुणीही? अगदी मरतुकडं असलं तरी?"

"कुणीही."

"मग झालं की! टाक चार हाडं त्यांच्यापुढं, आणि ते आले की बाजूनं धर." सासूबाईंनी सुया पुन्हा हातात घेतल्या. टाके मोजत, वर न बघता त्या म्हणाल्या, "माझा लेक तेच तर करतो तुझ्याशी. चार शब्द टाकतो आणि बाजूला होतो. तू अख्खीच्या अख्खी धावत जातेस."

तिला सासूचाही राग आला. पण शिडी, फोटो, करपलेला दात, मंडळींच्या खाली गेलेल्या नजरा हे सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि त्या ओळीच्या टोकाला दर वेळी हात पसरून हसणारा दीर होता.

आमिष म्हणून पाठवायला तिनं कपाटाच्या तळातून आपले अगदी पहिले सांगाडे काढले. नोकरीच्या पहिल्या वर्षात रंगवलेले. त्यांचे दात चुन्यासारखे पांढरे होते. दीर त्यांना 'टूथपेस्टची जाहिरात' म्हणायचा, म्हणून तिनं ते कधी टेबलावर आणले नव्हते. आणखीही एक गोष्ट तिला शिकावी लागली आणि ती सगळ्यांत जड गेली. जीव ओतून रंगवलेला एकेक सांगाडा वाचवायला ती आजवर त्यांना मागं ओढत आली होती. हे सैन्य वाचवायचं नसतंच. खर्चायचं असतं, आणि पुन्हा उठवायचं असतं.

ठरलेल्या रविवारी साहेब आधीच येऊन बसले होते. आपल्याला मिळणारं सैन्य पाहायला. तिनं राजा मांडला तोच त्यांनी तो मुकुटाला धरून उचलला आणि उजेडात फिरवला.

"सुंदर! मॅडम, तुम्ही ऑर्डर घेता का?"

"खाली ठेवा," ती म्हणाली.

"वहिनी, अगं, साहेब आहेत ते," दीर हळूच म्हणाला.

"पायाला धरून ठेवा. रंग उडतो."

डाव सुरू झाला. पांढरे दातवाले तिनं पुढं, मैदानाच्या मधोमध उभे केले.

"आली जाहिरात!" दीर म्हणाला आणि मंडळी हसली. तिची कानशिलं तापली. तिनं मोजपट्टी उचलली आणि अंतर मोजलं. ते बरोबर टप्प्यात होतं.

त्याला ते दिसलं, पण उशिरा. कुऱ्हाडवाल्यांना थांबायची मुभा नव्हती. ते धावले, पांढऱ्या दातांचा चुरा केला, आणि त्याच झोकात टेकडीपलीकडे जाऊन उघडे पडले. तिनं राजाला भिंतीआडून पुढं आणलं आणि भालेवाल्यांची मोठी तुकडी दुप्पट चालीनं त्यांच्या कुशीवर नेली.

"ए, त्यांना धावता येत नाही!"

"येतं. पान तुम्हाला पाठ असेलच."

पोस्टमास्तरांनी पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला आणि मान हलवली. "येतं."

ती चकमक तिनं मारली, पण डाव तिथं संपला नाही. फासे काही तिच्या सासूचं ऐकत नव्हते. दिराच्या सरदारानं दुसरी बाजू कापून काढली. एकेक सुबक सांगाडा तिनं स्वतःच्या हातानं उचलून बाजूला ठेवला. राजा आता मोकळ्यावर होता, आणि समोर दिराचा सरदार. दीर खुर्चीत मागं रेलला.

"ने मागं त्याला, वहिनी. मी सांगतोय ना. गेला की सैन्य गेलं. मग घरी जाऊन दादाच्या खांद्यावर रडशील."

सगळे तिच्याकडे बघत होते, साहेबसुद्धा. उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, आणि ते चांगलं होतं. आपल्या लग्नापासूनचं सगळं त्यात होतं. तिनं टेबलाची कड धरली. बोटांच्या पेरांवर अजून प्लास्टरची पांढरी पूड होती. चार हाडं टाकलीत मला, तिनं मनात म्हटलं. आणि उत्तर गिळून टाकलं. ते काचेसारखं खाली गेलं.

राजा तिनं मागं नेला नाही. जागेवरच ठेवून मंत्र म्हटला, फासे टाकले, आणि सकाळपासून बाजूला निजलेले पांढरे दातवाले पुन्हा उठवून सरदार आणि राजा यांच्या मधोमध आडवे उभे केले. सरदार त्यांच्यातच अडकला. त्यांनी मार खाल्ला, ढासळले, पण शेवटची फेरी सरेपर्यंत तो राजाला शिवू शकला नाही. टेबलावर तिची माणसं थोडी उरली होती, त्याची त्याहून थोडी.

पोस्टमास्तरांनी दोनदा मोजलं. "वहिनी," ते म्हणाले. "संघात वहिनी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना कुठंतरी जायचं असल्याचं आठवलं. दीर उठला आणि हात पसरून हसला. "छान! शिकवलेलं कामी आलं म्हणायचं माझं."

सगळ्यांना वाटलं, आता भडका उडणार. राग होताच. घरून निघताना होता तेवढाच, कदाचित जास्त. पण तो धावला नाही. तिनं आपले सांगाडे एकेक करून कापसात ठेवले, पांढरे दातवाले सर्वांत वर. मग पिशवीतून दुसरी पेटी काढून दिरासमोर ठेवली. त्यात स्पर्धेसाठी तिच्याकडे रंगवायला दिलेले त्याचे नवे घोडेस्वार होते. कोरे, राखाडी, एकावरही ब्रश न फिरलेला.

"वहिनी, अगं, हे... स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. रंगाशिवाय टेबलावर घेत नाहीत."

"ठाऊक आहे. नियम वाचलेत मी." तिनं एक जुना ब्रश पेटीवर ठेवला. "सुरुवात घोड्यांच्या दातांपासून करा, भावजी. आणि पांढरा रंग लावू नका."

दीर काहीतरी बोलू लागला, पुष्कळ बोलू लागला; आवाज चढत गेला. मंडळी मोजपट्ट्या गुंडाळू लागली. तिनं पेटी काखेत मारली आणि पोस्टमास्तरांना विचारलं, "सरावाला किती वाजता यायचं?"