मायनस अकराचा मास्क

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा नंबर मायनस अकरा. चष्मा काढून हात लांब केला, तर त्यांना स्वतःची बोटं मोजता येत नाहीत. आणि आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायला बसतात त्याच. पुढे भाऊजी, म्हणजे माझे मोठे दीर, गिऱ्हाइकांचे डोळे तपासतात, गोड बोलतात. मागच्या खोलीत खिडकीपाशी जाऊबाई मशीनवर काच धरून तिला फ्रेमच्या मापात आणतात. तीस वर्षं झाली. बोर्डावर नाव मात्र भाऊजींचं.

दुकानापासून तासाभरावर, कड्याच्या पोटाशी एक लहानसा किनारा आहे. गाडी वरपर्यंतच जाते. पुढे पायवाट, तीही शेवटी इतकी उभी की तिथे दोर बांधलाय. खालचं पाणी नितळ, म्हणून लोक स्नॉर्केलिंगला येतात. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, आणि पालथं तरंगत मासे बघायचे. त्यात चष्मेवाल्यांची पंचाईत होते, कारण मास्कच्या आत चष्मा मावत नाही. मग ते मास्क घेऊन आमच्याकडे येतात आणि जाऊबाई त्यांच्या नंबरच्या काचा आतून चिकटवून देतात. दोनेकशे मास्क तरी केले असतील. लोक परत येऊन सांगायचे, हे दिसलं, ते दिसलं. जाऊबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं."

स्वतः जायचा विषय काढला की भाऊजींचं ठरलेलं, "उतरशील गं, पण चढणार कोण? मी खांद्यावर घेऊ?" सगळे हसायचे. जाऊबाईही हसायच्या.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक मास्क परत घेऊन आलं. म्हणे नंबर चुकलाय, पाण्यात सगळं भलतंच मोठं दिसतं. भाऊजींनी माफी मागितली. जाऊबाई आतून हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नंबर बरोबर आहे. मी दोनदा तपासलाय."

"काकू, तुम्ही कधी पाण्यात घालून बघितलाय का?" त्याने विचारलं. उद्धटपणे नाही, सहज.

जाऊबाई आत निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी तीन काचा फोडल्या. तीस वर्षांत मी त्यांच्या हातून एवढं नुकसान पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी मास्क केला. अकरा नंबरची काच कडेला जाड होते, पापण्यांना लागते. म्हणून त्यांनी औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढ्या दोनच चकत्या घासल्या आणि मधोमध बसवल्या. मला दाखवून म्हणाल्या, "धाकटे, तुला पोहता येतं ना?"

"भाऊजींना काय सांगायचं?"

"त्यांनी विचारलं तर खरं सांगू. विचारलं नाही तर नाही."

सकाळी दिवा लावताना मी देवाला तेवढं सांगून ठेवलं, की हे खोटं बोलणं धरू नकोस. दुकानाला सुट्टी होती. भाऊजींनी विचारलं नाही.

वाट उतरताना जाऊबाईंनी एकदाही कुरकुर केली नाही. पायाखालून खडे घसरत होते. दोराच्या जागी त्या पाठमोऱ्या झाल्या आणि शिडी उतरावी तशा उतरल्या. साठीला आलेल्या बाईचे हात मशीनवर घट्ट झालेले. खाली दहा-बाराच माणसं होती. मी जाऊबाईंचा चष्मा टॉवेलात गुंडाळून एका सपाट खडकावर ठेवला. कोरडा होता खडक.

पहिल्यांदा पाण्यात तोंड घातलं आणि त्या घाबरून उठल्या. नळीत पाणी गेलं, ठसका लागला, डोळे लाल झाले. मी म्हटलं, "राहू दे आता. आलो, पाणी बघितलं, खूप झालं."

"पाणी नळाला पण येतं," त्या म्हणाल्या. "धर हात."

दुसऱ्यांदा मी त्यांचा हात धरून शेजारी तरंगत राहिले. त्यांची धडपड थांबली, मग त्यांचा हात सैल पडला. किती वेळ गेला कोण जाणे. मला गार वाटायला लागलं तरी त्या डोकं वर काढेनात. एकदा त्यांनी समोरच्या दगडाला लावायला हात पुढे केला आणि तो पोचलाच नाही. परत केला, परत नाही. मग उभ्या राहून नळी काढली.

"अगं, पाणीच सगळं जवळ आणतं. दगड आहे तिथेच आहे, आपल्याला मोठा दिसतो. माझी काच बरोबर होती." श्वास घेतला. "आणि धाकटे, माशांना पापण्या नाहीत. एकालाही नाही. मी नीट बघितलं."

वळून पाहिलं तर खडक दिसेना. भरती चढली होती. टॉवेल पाण्यावर सापडला, चष्मा नाही. मी कमरेएवढ्या पाण्यात चाचपडले, दोन मुलींनीही बुड्या मारल्या. नाहीच. मला रडू यायला लागलं, कारण खडक मी निवडला होता.

"रडतेस काय? डोळे माझे गेलेत," असं म्हणून जाऊबाईंनी मास्क परत चढवला. "चल."

मास्कमध्ये नाक बंद असतं. त्या कड्यावर त्या तोंडाने धापा टाकत चढल्या. वीस पावलं झाली की काच धुरकट व्हायची. थांबायचं, पुसायची, परत चढवायची. दोराच्या जागी मी मागून त्यांचं एकेक पाऊल हाताने खाचेत ठेवत होते आणि मनात देवाचं नाव घेत होते. वरून एक तरुण उतरत होता. तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"काकू, पाणी इथपर्यंत आलंय का?"

"आलंय," जाऊबाई म्हणाल्या. "जपून उतर."

संध्याकाळी त्या मास्क लावूनच दुकानात शिरल्या. सुट्टी असूनही भाऊजी हिशेबाला बसले होते, ते टेबलावरून उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन मशीन सुरू केलं, कारण एवढ्याशा चकत्यांतून बघत नवा चष्मा घासणं जाऊबाईंना जमलं नसतं.

भाऊजी कित्येक वर्षांत मशीनवर बसले नव्हते. जाऊबाई शेजारी स्टुलावर बसल्या आणि मास्क काढून, डोळे मिटून आवाज ऐकायला लागल्या. "अहो, दाब कमी करा. काच ओरडतेय." थोड्या वेळाने, "आता फिरवा." मधेमधे त्या मासे सांगत होत्या. पट्ट्यांचा एक, वाळूत पडून राहणारा एक, आणि एक घोळका जो सगळाच्या सगळा एकदम वळायचा.

दोन्ही काचा झाल्यावर भाऊजींनी मशीन बंद करून त्या उजेडात धरल्या. कडा वाकड्यातिकड्याच झाल्या होत्या. त्या तशाच फ्रेममध्ये बसवून त्यांनी चष्मा जाऊबाईंच्या हातात दिला.

"पुढच्या वेळी दोरी लावून गळ्यात अडकव," ते म्हणाले, आणि जवळ राखून ठेवायला काचांची दुसरी जोडी घासायला बसले.