नेटलला कुणी खायला घालायचं नाही

माझी भावजय केझाया, घरची केझी, हिचं नाव काढलं की आमच्या केल्डगिल खोऱ्यात अजून दोन तट पडतात. एक म्हणतो, बाईला काळीज नव्हतं. दुसरा म्हणतो, काळीज होतं की नाही ते ठाऊक नाही, पण कुत्रं तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. मी तिची नणंद, टेमर. पहिली काही वर्षं आमचं दोघींचं अजिबात पटलं नाही, तेव्हा मी नात्याला जागून तिची बाजू घेते असं कुणी समजू नये.

ती सायलसची मुलगी. डोंगरावर चुना-माती न घालता नुसत्या दगडावर दगड बसवून मैलोन्मैल बांध घालणारा सायलस. आई लवकर गेली, त्यामुळे पोर बापाच्या मागे डोंगरभर हिंडली, मेंढरांच्या कोंडवाड्यात झोपली आणि दगड उचलता उचलता मोठी झाली. हात पुरुषासारखे. माझा धाकटा भाऊ लॅम्बर्ट तिला लग्न करून घरी घेऊन आला तेव्हा तिच्या एका हातात पेटी आणि काखेत एक टेरियर कुत्री होती. आमची आई दारातच म्हणाली, "कुत्रं गोठ्यात."

"बरं," केझी म्हणाली, "मग मीही गोठ्यातच झोपते."

आणि झोपली की हो. लग्नाची पहिली रात्र! लॅम्बर्ट बिचारा थोडा वेळ जिन्यात उभा राहिला, मग घोंगडी उचलून तोही गोठ्यात गेला. दुसऱ्या दिवशी आईनं चुलीपाशी एक जुनं पोतं टाकलं. त्या पोत्यावर पुढं कुत्र्यांच्या किती पिढ्या वाढल्या.

आमच्याकडे मार्चमध्ये कोकरं जन्मायला लागली की कोल्ह्यांचा उच्छाद सुरू होतो. सकाळी बघावं तर कोकराचे नुसते खूर पडलेले. मग शिकारी कुत्र्यांचा कळप येतो आणि त्याच्यामागं सगळं खोरं पायी धावतं, कारण आमच्या कड्यांवर घोडा उभासुद्धा राहू शकत नाही. पण कोल्हा एकदा बोरनमध्ये घुसला की मोठी कुत्री बाहेर बसून नुसती भुंकणार. बोरन म्हणजे कड्यावरून कोसळलेल्या शिळांची रास. एकेक शिळा घराएवढी आणि खाली सगळ्या फटीच फटी. तिथं टेरियरचंच काम. अंधारात, एकटीनं, कोल्ह्याच्या तोंडाशी जायचं आणि त्याला बाहेर काढायचं, नाहीतर तिथंच निकाल लावायचा.

हे काम पुरुषांचं. केझी कोटाच्या आत कुत्री घालून पहिल्यांदा वर गेली तेव्हा एकानं विचारलं, "काय बाई, घरी चूल नाही का?"

"आहे ना. तुझ्या बायकोनं तुझी विझवलेली दिसतेय, म्हणून तू इथं ऊब शोधत फिरतोस."

पुन्हा कुणी विचारलं नाही.

पिल्लू निवडायची तिची एकच कसोटी. खांद्यांच्या मागं छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घालायचा. बोटं बोटांना भिडली तर कुत्री कामाची. नाही भिडली तर कुणाच्या तरी घरी उंदरांवर पाठवून द्यायची. चुलीपाशी वाढलेल्यांतलीच एक नेटल; तिच्याभोवती केझीची बोटं सहज भिडायची. भिजलेल्या वाळक्या नेच्याच्या रंगाची, राठ केसांची, खाजकुइलीवरून नाव ठेवलेली आणि स्वभावानं तशीच. आमच्या घरात ती लाडकी होती लॅम्बर्टची. केझी तिला काम शिकवायची आणि हा तिला टेबलाखालून मटणाची चरबी द्यायचा. मी सांगतेय त्या हिवाळ्यात केझीनं एकदा वेढा घालून बघितलं. बोटं भिडली नाहीत.

"लॅम्बर्ट, बास झालं आता."

"अगं, एक तुकडा तर दिला."

"तुझे तुकडे तिच्या बरगड्यांवर बसलेत. दिसतायत मला."

पण माझा भाऊ म्हणजे लोणी. कुणी डोळ्यांत बघून काही मागितलं की वितळला. मेंढरंसुद्धा त्याला गंडवायची. शिकारीच्या सकाळी टेरियरनं उपाशी पोटी जायचं हा घरचा नियम होता, आणि त्या मार्चच्या सकाळी यानं केझी गाईची धार काढत असताना नेटलला वाडगाभर ओटची लापशी घातली, वर डुकराच्या चरबीचा तुकडा.

दुपारी काळ्या कड्याखालच्या बोरनमध्ये कोल्हा गेला. नेटल त्याच्यामागं दोन शिळांच्या मधल्या फटीतून खाली घुसली. आतून गुरगुर, झोंबाझोंबी, मग शांतता. कोल्हा संपला होता. थोड्या वेळानं फटीत नेटलचं नाक दिसलं, मग डोकं, मग एक पंजा. तिथंच अडकली. रागाच्या भरात उतारावरून खाली घसरताना ती फटीतून गेली होती, पण वर चढून येताना छाती बसेना. केझी पोटावर झोपली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांची टोकं नेटलच्या कानाला लागली, त्यापुढं नाही.

आमच्याकडे टेरियर अडकली की खोऱ्यातला माणूस घरी बसत नाही. शेतकरी नांगर सोडून येतो, पाटीच्या दगडाच्या खाणीतले गडी पहारी घेऊन येतात. खाणीवरचा मुकादम अमोस आला. दगडातला दर्दी माणूस. त्यानं दोन गड्यांना शिळेखाली पहार घालायला लावली. शिळा केसभर हलली, वरून खडी घरंगळली आणि आत नेटल किंचाळली.

"थांबा," केझी म्हणाली. "ह्या शिळेवर वरची सगळी रास तोललेली आहे. अजून हलली तर बसेल नेटलवर."

अमोसनं खाली-वर बघितलं आणि मान हलवली. "बरोबर आहे. सुरुंगाचं तर नावच नको."

"मग एकच वाट," केझी म्हणाली. "जशी गेली तशी येईल. बारीक होऊन. आत पाणी झिरपतंय, तहानेनं मरायची नाही. नेटलला कुणी खायला घालायचं नाही." मग तिनं लॅम्बर्टकडे बघितलं. "सकाळी काही दिलं होतंस?"

तो बुटांकडे बघत राहिला. 

बोलायला सोपं हो. पण हातभर खाली एक जिवंत तोंड तुमच्याकडे बघून कण्हतंय, आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पिशवीत भाकरी आहे. बायका वर यायच्या, फटीत डोकवायच्या आणि डोळे पुसायच्या. गिरणीवाल्याची बायको खिम्याची पोळी घेऊन आली. केझीनं तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला. ती बाई भडकली. "तुला पोर नाही ना, म्हणून तुला कळत नाही भूक काय असते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काही बोलणार तेवढ्यात केझीच म्हणाली, "पोर असतं आणि तिथं अडकलं असतं, तर त्यालाही असंच काढलं असतं. जा आता खाली, पोळी तुझ्या नवऱ्याला घाल." चेहऱ्यावरची रेष हलली नाही. पण त्या दिवसापासून केझीनं स्वतःही कोरभर भाकरी आणि चहा यापलीकडं काही खाल्लं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "इथं वास सुटतो अन्नाचा. तिला त्रास होतो."

दिवस जात राहिले. केझी सकाळी गाईची धार काढायला खाली यायची तेवढा वेळ लॅम्बर्ट फटीपाशी बसायचा. बाकी सगळा वेळ ती. रोज हात घालून बघायची आणि रोज डोकं तिथंच, पंजा तिथंच, छाती तिथंच. केझीच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. "हे गणित जमत नाही, टेमर," ती मला म्हणाली. "एव्हाना अंगानं उतरायला हवी होती."

एका सकाळी मी तिच्याबरोबर वर गेले. लॅम्बर्ट आम्हाला बघून उठला आणि घाईघाईनं उतरायला लागला. केझीनं फटीत हात घातला, बाहेर काढला आणि बोटं माझ्या नाकाशी धरली.

"वास घे."

मटणाची चरबी. आणि तिच्यात सेजचा उग्र वासाचा पाला. आमच्या आईची पद्धत, खोऱ्यात दुसरं कुणी तसं करत नाही. मी खाली उतरणाऱ्या लॅम्बर्टकडे बघितलं.

"लॅम्बर्ट," केझीनं हाक मारली. मोठ्यानं नाही. "वर ये. खिसा दाखव."

त्यानं खिसा उलटा केला. तेलकट कागद, ओटच्या भाकरीचा चुरा. एवढा थोराड माणूस, उभ्याउभ्या रडायला लागला. "ती माझ्याकडे बघते गं. तू बघतेस का तिच्याकडे?"

"रोज बघते."

"मग सोसतं कसं तुला?"

"सोसत नाही. तरी देत नाही." तिचा आवाज पहिल्यांदा चिरकला. "तू तिला रोज सकाळी तिथंच खिळवून ठेवतोयस, कळतंय का? मी दिवसभर उतरवते आणि तू चढवतोस. घरी जा. मी बोलवेपर्यंत वर यायचं नाही."

भाऊ माझा, माया माझी, पण त्या क्षणी मीही त्याला म्हटलं, "जा बाबा." धार काढायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं आणि केझी तिथून हललीच नाही. मेंढपाळाचं एक घोंगडं आणि विणकाम, एवढाच तिचा संसार.

आता खरे हाल सुरू झाले. नेटलचं कण्हणं खाली वाटेवर ऐकू यायचं. लोक म्हणायला लागले, मारायचंच आहे तर नीट मारावं. मग अमोस बंदूक घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा एक कुत्रा असाच दगडात अडकून कितीतरी दिवसांनी गेला होता आणि तो ते विसरला नव्हता.

"केझी, बाजूला हो. एका गोळीचं काम आहे. तिला कळणारसुद्धा नाही."

केझी उठली, फटीवर जाऊन बसली, घागरा नीट पसरला आणि विणायला घेतलं.

"अगं ऐक. माझा राफ्टर गेला तेव्हा मी हेच करायला हवं होतं."

"तुझा राफ्टर कशात अडकला होता?"

"दरड पडली होती त्याच्यावर."

"हिच्यावर काही पडलेलं नाही. ही फक्त जाड आहे." सुई चालूच. "आणि जाड असल्याबद्दल गोळ्या घालायच्या ठरल्या तर आधी खोऱ्यातली निम्मी माणसं उभी करावी लागतील, अमोस. तुझ्यापासून."

मागं उभे असलेले दोन गडी हसले. अमोस नाही हसला. "तुझी कुत्री, तुझं पाप," तो म्हणाला.

"हो. माझंच. जपून उतर, दगड ओले आहेत."

आणि मग नेटलचा आवाज बंद झाला. नाक दिसेना, पंजा दिसेना. केझीनं हात घातला, हाती काही लागलं नाही. शीळ घातली, हाका मारल्या, शिव्या घातल्या. काही नाही. एक अख्खा दिवस तसा गेला. मी तिच्याजवळ बसले आणि शेवटी म्हटलं, "गेली गं ती. चल घरी."

"तुला जायचं तर जा."

"केझी, लोक तुला आयुष्यभर बोलतील."

"बोलू देत. लोकांनी बोलायचं थांबवलं म्हणून कुत्री बाहेर येणार आहे का?" पण तिच्या विणकामाचे टाके सुटले होते. ते तिनं मला दिसू नयेत म्हणून घोंगड्याखाली घेतले. मला तेव्हा तिची इतकी माया आली की मी गेलेच नाही. फक्त खालच्या वाटेवरच्या एका गड्याबरोबर निरोप धाडला की लॅम्बर्टला वर पाठवा. म्हटलं, दोघांनी मिळून नेटलचा निरोप घ्यावा.

तो आला. केझीशेजारी बसला. दुपारचं ऊन शिळेवर आलं होतं. आणि खालून नखांचा खरखर आवाज आला.

आधी नाक. मग डोकं, एक पंजा, आणि त्या पंजाशेजारी दुसरा. लॅम्बर्ट पुढं झाला, केझीनं त्याला कोपरानं मागं ढकललं. "ओढायचं नाही. खांदा निखळेल." ती पोटावर आडवी झाली, तोंड फटीत घातलं आणि बोलायला लागली. "ये गं भवाने. ये. आळशी कुठली. सगळ्या गावाला कामाला लावलंस. ये." छाती फटीत आली, थांबली, नेटलनं श्वास सोडला आणि पिळलेल्या पायमोज्यासारखी बाहेर आली. केझीनं तिच्या छातीभोवती दोन्ही हातांचा वेढा घातला. बोटं भिडली आणि एकमेकांवर चढली.

लॅम्बर्टच्या खिशात मटण होतं. असणारच. नेटलला वास आला आणि ती धडपडत, लटपटत त्याच्याकडे गेली. त्यानं मोठा तुकडा काढून तिच्या तोंडाशी धरला.

"नको," केझी ओरडली. "एवढ्यानं मरेल ती. दूध. चमच्यानं." आणि तिनं तो तुकडा नेटलच्या दातांतून ओढून काढला.

नेटलनं तिचा हात फोडला. अंगठ्यापाशी, पार हाडापर्यंत. सोडेचना. लॅम्बर्ट तिचा जबडा उघडायला धावला तर केझी म्हणाली, "राहू दे." रक्त मनगटावरून ओघळत होतं आणि ती बाई हसत होती. हसता हसता रडत होती. मी तिला तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं. "बघ गं टेमर, केवढा जोर आहे अजून," ती म्हणाली.

नेटल पुढं पुष्कळ वर्षं जगली. काम करत राहिली, दर शिकारीच्या सकाळी उपाशी पोटी गेली, कारण फडताळाची किल्ली केझीनं गळ्यात अडकवली होती. पण संध्याकाळी झोपायची ती लॅम्बर्टच्या पायाशी. केझीच्या हातचं खाताना आधी तिच्याकडे बघून गुरगुरायची, मग खायची. एकदा मेंढरांच्या बाजारात गिरणीवाल्याची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "काय केझाया, एवढं करून कुत्री नवऱ्याचीच झाली ना? तिला तर तू बघवत नाहीस."

केझीनं अंगठ्याचा तो व्रण कोटाला पुसला. "तिला मी आवडावी म्हणून नव्हते बसले मी तिथं," ती म्हणाली, आणि मेंढरं बघायला पुढं गेली.