काहीही पुसू नका

"सर, मान वळवा," असं म्हणून त्या थांबायच्या. मी भिंतीकडे पाहायला लागलो, की मगच एका हाताचा आडोसा करून दुसऱ्या हाताने पासवर्ड टाकायच्या. शाळेच्या हजेरीचा तो पासवर्ड. तो चोरून मी मराठीचा मास्तर काय करणार होतो? पण मान वळवावी लागायचीच.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एखादं माणूस असेल, ज्याच्या भित्रेपणाची सगळे मिळून थट्टा करतात. तलासरीच्या आमच्या शाळेत २०१६ साली कंत्राटावर आलेल्या संगणकाच्या मॅडम म्हणजे ते माणूस. बारीक अंगाच्या, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या. डहाणू रोडला खोली घेऊन राहायच्या. मीही डहाणूचा, त्यामुळे जाता-येता जीपमध्ये सोबत असायची. अनोळखी नंबर वाजला, की तो थांबेपर्यंत त्या फोनकडे नुसत्या बघत बसायच्या.

चालू संगणक पाच, वर्गात मुलं पंचेचाळीस. टायपिंग आणि चित्रं रंगवणं भराभर उरकून त्या खोट्या खात्यांवर, अनोळखी फ्रेंड रिक्वेस्टवर, धमक्यांवर बोलायच्या. "घाबरून काहीही पुसू नका. मेसेज पुसला की पुरावा गेला. घरी सांगायची भीती वाटली तर मला सांगा."

"मॅडम, ह्यांच्या घरात मिळून एक फोन," मी एकदा हसून म्हटलं. "ह्यांना कोण फसवणार?"

"एकच आहे ना सर? मग सगळं घर त्या एकातच आहे."

दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला संगणकाच्या खोलीत बोलावलं. झरी गावची दहावीतली एक मुलगी भिंतीला टेकून उभी होती. दुसऱ्याच कुणाच्या उघड्या अंगावर तिचा चेहरा चिकटवून कुणीतरी तो फोटो घरच्या फोनवर पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'रविवारी एकटी ये. नाहीतर गावभर पाठवतो.'

चार दिवस पोरगी धड जेवली नव्हती. पण खरं सांगतो, तिच्यापेक्षा मॅडमच जास्त घाबरलेल्या दिसत होत्या, ओढणीचं टोक बोटाला घट्ट आवळून.

"पुसलंस का काही?"

"नाय मॅडम. तुमीच सांगितलेलं ना."

वडील उंबरगावच्या कारखान्यात रोजंदारीवर. दुसऱ्या दिवशी खाडा करून आले. सगळं ऐकून हात जोडले. "पोरीचं नाव नको, मॅडम. आमाला गावात ऱ्हायचंय."

मॅडमनी त्यांच्याकडून घरचा फोन मागून घेतला. मग त्यावरूनच त्यांनी त्या माणसाला उत्तर लिहिलं, 'यापुढे माझ्याशी बोला,' आणि खाली स्वतःचा नंबर दिला. मी थांबवायच्या आत मेसेज गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीपमध्ये त्यांचा फोन थरथरला. त्यांनी पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. तशाच फोटोवर आता मॅडमचा चेहरा होता. खाली एक ओळ, 'साडेपाचची जीप ना तुमची?'

मी मान वर केली. जीपमध्ये दहा-अकरा माणसं होती. दोन मजूर, एक दूधवाला, कॉलेजची पोरं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. त्यातला कोण, की कुणीच नाही?

"उतरू या का?" मी कुजबुजलो.

"इथे नको. पोलीस ठाण्यापाशी."

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "तक्रार कुणाच्या नावानं?"

"माझ्या."

"बाई, फोटो तपासाला ठेवावा लागेल. चार लोक बघतील."

"बघू देत. ती मी नाही."

बोटाला गुंडाळलेली ओढणी सोडवून त्यांनी सही केली.

दोनेक आठवड्यांनी माणूस सापडला. बाजारात, आमच्या जीपच्या थांब्यासमोर, मेमरी कार्डात गाणी भरून देणारा. गाणी भरता भरता कार्डावरचे घरचे फोटो तो स्वतःकडे उतरवून घ्यायचा. त्याच्या संगणकात गावोगावच्या मुली निघाल्या. मॅडमचा चेहराही त्याला असाच कुणाच्या तरी कार्डावरच्या शाळेच्या फोटोत मिळाला होता. त्याच्याकडे मीही कार्ड दिलं होतं. त्यात माझ्या लेकीचे वाढदिवसाचे फोटो होते. ती रात्र मी जागून काढली.

झरीची मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसली. तो माणूस जामिनावर सुटला. एप्रिलमध्ये मॅडमचं कंत्राट संपलं. निघताना मी नवा पत्ता मागितला.

"नको सर. तुम्हाला माहीत नसलेलाच बरा."

इतक्या दिवसांची सोबत, आणि माझ्यावरही विश्वास नाही? मला लागलं ते.

दोन वर्षांनी शाळेच्या ऑफिसात फोन आला. मीच उचलला. आवाज अदबशीर होता. "मॅडमचा विद्यार्थी बोलतोय. लग्नपत्रिका पाठवायचीय. त्यांचा पत्ता मिळेल का?"

"कुठल्या वर्षीचा तू? नाव काय?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"पत्ता मला माहीत नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं, आणि ते खरं असल्याचं इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

फोन ठेवला, आणि भर दुपारी ऑफिसच्या दाराला आतून कडी लावून बसलो.