गुडघ्याची बातमी

डोंबिवलीत बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, नाहीतर मासळी बाजारात. तिथल्या एका कॉलेजात मी मुलींच्या आइस हॉकी संघाची मुख्य प्रशिक्षक होते असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "खेळायच्या कुठे?" बास्केटबॉलच्या कोर्टवर, चाकांच्या स्केट्सवर. आणि हिवाळ्यात एकदा लडाखला जाऊन, गोठलेल्या तळ्यावर, खऱ्या बर्फावर.

मी ठाण्यातल्या नौपाड्यात वाढले. शाळेत रोलर हॉकी खेळायचे, राज्याच्या संघापर्यंत गेले आणि लग्नानंतर स्टिक माळ्यावर गेली. मुलगा मोठा झाल्यावर त्या कॉलेजात स्केटिंग शिकवायला जाऊ लागले. हॉकीचा संघ काढायचं माझ्याच डोक्यात आलं. प्राचार्य म्हणाले, "मुली मिळाल्या तर काढा." मिळाल्या. टिटवाळ्याच्या, कल्याणच्या, कोर्टसमोरच्या सोसायटीतल्या.

पहिल्या वर्षी गोलकीपर व्हायला कुणी तयार नव्हतं. खो-खो सोडून आलेली एक मुलगी, आंबिवलीची, म्हणाली, "मॅडम, मी राहते. मला मार लागायची भीती नाय वाटत." तिला क्रिकेटचे पॅड बांधले आणि जाळीसमोर उभं केलं. ती चेंडूवर अशी झेप घ्यायची की बाकीच्या मुली खेळ थांबवून बघत राहायच्या.

लडाखला जायची वेळ आली तेव्हा तिच्या वडिलांनी नाही म्हटलं. मी आंबिवलीला तिच्या घरी गेले. आईने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं, मी मुकाट्याने खाल्लं. मग म्हटलं, "माझी मुलगी म्हणून नेते, माझी मुलगी म्हणूनच परत आणून सोडते." वडील म्हणाले, "तुमच्यावर सोडतो हां." एवढंच.

बर्फावर पहिल्या दिवशी आमची अगदी फजिती झाली. चाकांवर थांबायला पाय घासला तरी भागतं. बर्फावर स्केटचं पातं आडवं करून खरवडावं लागतं. माझ्या मुली धावायला शिकलेल्या होत्या, थांबायला नाही. एकामागून एक कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन आपटत होत्या आणि गोलमध्ये उभी राहून ती पोट धरून हसत होती. सामना आम्ही सपशेल हरलो. पण तिने इतके फटके अडवले की समोरच्या संघाचे प्रशिक्षक, तिथलेच एक वयस्कर गृहस्थ, मुद्दाम येऊन तिचा हात हातात घेऊन गेले. परतीच्या प्रवासात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

तिचं शिक्षण संपलं तेव्हा मीच प्राचार्यांकडे हट्ट धरला, की हिला सहप्रशिक्षक म्हणून घ्या. ते टाळाटाळ करायला लागले तेव्हा म्हटलं, "ती नसेल तर मीही नाही." त्यांनी घेतलं. मुली मला मॅडम म्हणत, तिला ताई. मी ओरडायचे, ती समजूत घालायची. मला वाटायचं, आमची जोडी जमलीय.

शेवटच्या हिवाळ्यात सराव घेताना माझाच पाय बर्फात अडकून पिळवटला. ठाण्याला आल्यावर डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय, ऑपरेशन करावं लागेल, पण काही महिन्यांत पुन्हा उभ्या राहाल. ही गोष्ट मी घराबाहेर फक्त तिला सांगितली. म्हटलं, "सुट्टीत उरकून घेते. तोवर कुणाला बोलू नकोस. कॉलेजवाले उगाच घाबरतील." ती म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून कुठेच जाणार नाही." आणि माझी पर्स उचलून रिक्षापर्यंत सोडायला आली.

पुढे एकदा नौपाड्यातल्या भाजीवाल्याकडे आमच्या एका खेळाडूची आई भेटली. माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, फार वाईट वाटलं हो. पण तब्येतीपुढे काय करणार? मुलींना चुकल्याचुकल्यासारखं होईल तुमच्याशिवाय." मी विचारलं, "माझ्याशिवाय म्हणजे?" त्या बिचाऱ्या गडबडल्या. "नाही, ताई म्हणाल्या, तुम्ही सोडताय म्हणून."

मी तिला फोन केला, तिने उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंबिवलीला गेले. कोर्टवर नव्या मुलींची निवड चालली होती. निवडीची तारीख मला कुणी कळवलीच नव्हती. शिट्टी तिच्या गळ्यात होती. मला बघून तिने मान खाली घातली आणि स्केट्स घातलेल्या एका मुलीच्या पट्ट्या उगाचच सोडून पुन्हा बांधायला लागली.

मी आधी प्राचार्यांकडे गेले. ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे ओढली. "अहो, तुम्ही कशाला धडपडत आलात? आम्हाला कळलंय सगळं. स्वतः सांगायला तुम्हाला संकोच होत होता, असं त्या म्हणाल्या. संस्थेने त्यांची नेमणूकही केली. तुमचा सत्कार ठेवलाय आम्ही शनिवारी."

"मला का नाही विचारलंत?"

"तुमच्या वतीनेच बोलल्या ना त्या," ते म्हणाले. खरं काय ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "आता ठराव झालाय, मॅडम. आणि गुडघा दुखावलाय हे तर खरं आहे ना?"

ती जिन्यात भेटली. मी तिला एकच विचारलं, "का?"

"मॅडम, तुम्ही स्वतःहून कधी सोडलंच नसतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. "मी किती वर्षं नंबर दोनच राहणार होते? घरी विचारतात मला."

"मग मला येऊन सांगायचंस. भांडायचंस माझ्याशी."

"तुमच्याशी कोण भांडणार?" ती म्हणाली आणि बाजूने वर निघून गेली.

शनिवारी जाऊ नको असं घरी नवऱ्याने सांगितलं. मी गेले. सभागृहात शाल, नारळ, फुलं. ती बोलायला उभी राहिली. मी तिच्या आईसारखी आहे असं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं ते पाणी, मला ओळखता येतं. त्यामुळेच जास्त राग आला. मग माइक माझ्याकडे आला. मी म्हटलं, "हा निरोप मी मागितलेला नाही. मी सोडून जात नाहीये, मला बाजूला केलंय. माझा गुडघा बरा होणार आहे, हे इथे एका व्यक्तीला माहीत होतं." प्राचार्य छताकडे बघत राहिले. मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि बाहेर पडले.

मला वाटलं होतं, मुली मागे धावत येतील. एकटी कप्तान आली, टिटवाळ्याची. तिलाही संघात पाठवावं म्हणून तिच्या आईला समजावायला मी एकदा तिच्या घरी गेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, आता ताईच मुख्य होणार, हे आम्हाला माहीत होतं. ताईंनी आधीच सांगितलेलं. मॅडमना बोलू नका, बोललेल्या."

"आणि तुम्ही कुणीच बोलला नाहीत?"

ती अंगठ्याने फरशी घासत उभी होती. "ताई ओरडत नाहीत," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, पाय उभा राहिला. आता ठाण्यात एका शाळेच्या मैदानावर लहान मुलांना स्केटिंग शिकवते. पुढच्या हिवाळ्यात तो संघ लडाखला गेला आणि तिसरा आला. ती आमची आजवरची सगळ्यात चांगली कामगिरी. 'आमची' असं अजूनही तोंडून जातं. अंतिम फेरीआधीचा सामना मी मोबाइलवर बघितला. त्या हराव्यात असं मनापासून वाटत होतं आणि मुली चढाईला निघाल्या की माझ्याच मुठी आवळल्या जात होत्या.

मध्ये ठाण्यातल्या एका स्पर्धेत ती समोर आली. संघ घेऊन आली होती. वाकून नमस्कार करायला लागली तशी मी दोन पावलं मागे सरले. ती तशीच अर्धवट वाकलेली राहिली, मग सरळ झाली. "मॅडम, एकदा बोलाल का माझ्याशी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "झालं गेलं ते सोडून दे आता." त्याचं बरोबर असेल. पण माझ्याकडून अजून सुटलेलं नाही.