शिडीशिवाय लिहिलेलं नाव

गेल्या महिन्यात आमच्या वर्ध्याच्या शाळेत फोन आला. कारकून वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाले, "बाई, सिंदीहून निरोप आहे. महादेव राऊत गेले." क्षणभर मी मनात म्हटलं, आमचे राऊत मास्तर असतील. खोटं कशाला बोलू? मास्तरांनी मला शिकवलं, त्यांचं वाईट मी कधी चिंतलं नाही. पण त्या क्षणी जाणारे मास्तरच असावेत, असं मला वाटलं... कारकून खाली बघत म्हणाले, "पेंटर." म्हणजे माझे बाबा.

सिंदीत महादेव नावाला तोटा नव्हता. आखाड्यात महादेव पहेलवान होते. त्यांचं नाव ऐकून बाहेरगावचे मल्ल पोट बिघडल्याचं सांगून घरी बसत. महादेव राऊत मास्तर होते. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. आणि नाव-आडनाव तेच असलेले आमचे बाबा, दुकानांच्या पाट्या रंगवणारे महादेव पेंटर. रंगवून झालं की खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पेंटर महादेव' अशी सही करायचे, तेवढीच काय ती त्यांची मिरवणूक. मोठे महादेव दोन, तिसरा आपला असाच, असं गाव समजायचं. बाबांना त्याचं काही वाटत नाही, असं मीही समजत होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत होते आणि नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातून मास्तर उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच होतं, गावात मुलींसाठी हायस्कूल पाहिजे. सातवीनंतर मुलीला शिकायचं तर रोज रेल्वेनं वर्धा गाठायचं, आणि कोणता बाप पाठवतो? मास्तर निवडून येणार हे दिसत होतं, म्हणून विरोधकांनी त्यांची मतं फोडायला दुसरा महादेव राऊत शोधला. दोघं जण आमच्या घरी आले. "पेंटरसाहेब, साऱ्या गावाचं नाव तुमी लिहिता. तुमचं नाव कधी छापून आलं काय?" बाबा इथेच विरघळले. अर्जावर सही केली. मग त्याच लोकांनी त्यांना पुलगावला बोर्ड रंगवायच्या कामाला धाडलं. ते परत येईपर्यंत अर्ज मागे घ्यायची मुदत संपून गेली होती. बाबांना चिन्ह मिळालं शिडी, मास्तरांना छत्री.

मास्तर घरी आले. रागावले नाहीत. चहा प्यायले आणि उठता उठता म्हणाले, "महादेवा, तुह्यावर राग नाई माहा. पन तुही पोरगी सातवीत आहे नं?" त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

सकाळी रंगाचे डबे निघाले. मी नेहमीप्रमाणे शिडी बाहेर काढली, तर बाबा ओरडले, "ठेव ते! शिडी घेऊन गावात फिरलो, त माहाच प्रचार होईन!" मग जमिनीवर उभं राहून, हात पोचेल तिथपर्यंत, त्यांनी भिंतीमागून भिंती रंगवल्या. 'मी महादेव पेंटर. मला मत देऊ नका. महादेव राऊत मास्तर यांनाच द्या. छत्रीवर शिक्का मारा.' कोपऱ्यातली सही तेवढी केली नाही. लोक हसायचे, "पेंटर सोताच सोताले पाडून राह्यला!" बाबा ब्रश न थांबवता म्हणायचे, "हो, पाडून राह्यलो. तुमी बी हात लावा."

आईची वेगळीच पंचाईत. तिनं नवऱ्याचं नाव जन्मात घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मास्तरांचंही घेता येईना. बाया विचारायच्या, मत कोणाले? नुसतं 'मास्तर' म्हणावं, हे तिला गडबडीत सुचायचंच नाही. ती सांगायची, "त्यायले द्या... म्हंजे आमच्या यायले नाई, त्यायले!" गल्ली हसून लोटपोट व्हायची.

मास्तर थोडक्यात निवडून आले. बाबांना सात मतं पडली. ती सात मतं त्यांना महिनाभर टोचत होती. "कोन होय हे सात जन? एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, तरी वाचता येत नाई?" आई चुलीत फुंकर घालत राहायची. पुढे कितीतरी वर्षांनी ती मला हळूच म्हणाली, "त्यातलं एक माह्यं होतं. शिडी दिसली, अन् हात थांबलाच नाई."

हायस्कूल झालं. मी पहिल्या तुकडीतली, आणि आज स्वतः बाई म्हणून फळ्यापुढे उभी राहते. निवडणुका जिंकणारे मी पुष्कळ पाहिले. आपण हरावं म्हणून उन्हात उभं राहून घाम गाळणारा माणूस एकच पाहिला, आणि तो माझा बाप होता, याचा मला अभिमान आहे. मोठे महादेव तीन होते, हे गावानं आता तरी मोजून घ्यावं.

तेरवीनंतर आईला घेऊन कापसाच्या जिनिंगच्या भिंतीजवळून येत होते. वरचा चुना पावसापाण्यानं गेला होता आणि खालचा जुना रंग उघडा पडला होता. बाकी मजकूर पुसलेला, फक्त 'महादेव राऊत' एवढंच शिल्लक. शिडी वापरली नव्हती, म्हणून अक्षरं आईच्या हाताच्या उंचीवर होती. ती थांबली. बाबांच्या पाट्या बघून शिकलेलं तिचं वाचन जेमतेमच. एकेका अक्षरावरून बोट फिरवत तिनं मोठ्यानं वाचलं, "महादेव राऊत." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं.

मी म्हटलं, "आई, हे नाव त मास्तरचं होय."

"नाव असन मास्तरचं," हात न काढता ती म्हणाली, "अक्षर त्यायचं हाय."