गाडीचा श्वास

गाडी सुरू करण्याआधी पंढरीनाथ भालेराव एकदा मागे वळून बघत. ड्रायव्हरच्या पाठीशी एक लहानशी सरकती काच होती. काचेपलीकडे दोन बाजूंना दोन बाकं, मधे स्ट्रेचर आणि स्ट्रेचरवर कुणीतरी कायमचं निजलेलं. बाकांवर घरची माणसं. मागच्या दाराला पांढरा पडदा. सगळे बसले आहेत ना, पडदा सरळ आहे ना, एवढं बघायचं आणि मग किल्ली फिरवायची.

जयपुरातल्या मराठी मंडळींनी एकत्र येऊन ही पिकअप अंत्ययात्रेसाठी घेतली होती. तिच्या अंगावर निळ्या अक्षरांत ‘सोबत’ असं लिहिलं होतं. बोलावणारा मराठी असो, मारवाडी असो, सिंधी असो, फोन आला की पंढरीनाथ पांढरा सदरा चढवून निघत. वय एकाहत्तर. मूळचे भुसावळचे, रेल्वेत फिटर, बदली होऊन जयपूरला आले ते इथलेच झाले. डिझेल इंजिनांच्या धडधडाटात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर ही गाडी हातात घेतली.

त्यांचा नियम एकच. गाडीला धक्का बसता कामा नये.

“जिवंत माणूस धक्का बसला की शिव्या तरी देतो,” ते म्हणत. “याला तेही करता येत नाही.”

धक्का न बसू देण्याची त्यांची विद्या कानात होती. इंजिन हवा ओढतं, तो त्याचा श्वास. श्वास जड झाला की खालचा गिअर, मोकळा होऊन वर चढायला लागला की वरचा. समोर काट्याचं मीटर होतं, पण त्याच्याकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

हा कान त्यांच्याकडे गाडीच्या आधीपासून होता. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि पडदा ओढायचं काम पंढरीनाथांचं. राजा व्हायचा त्यांचा जिवलग मित्र रणजीत साळवी. आवाज असा, की शेवटच्या रांगेतली झोपलेली पोरं दचकून उठायची. पाठांतर मात्र देवाच्या भरवशावर. रणजीतची बायको विनया विंगेतून गायची. शेवटच्या प्रवेशाला तिचा सूर हळूहळू विरत जायचा. तो पुरता विरला की पंढरीनाथ मनात तीन आकडे मोजत आणि मग दोरी सोडत. एक आकडा कमी झाला तर सूर चिरडायचा, एक जास्त झाला तर लोक खोकायला लागायचे. रंगमंचावर उभ्या असलेल्यांना टाळ्या मिळतात, पडदा ओढणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. पण त्या तीन आकड्यांवर अख्ख्या रात्रीची पुण्याई तोललेली असते. विनया म्हणायची, “भाऊजी दोरीशी असले की मला शेवटाची भीती वाटत नाही.”

तोच कान गेली दोन वर्षं त्यांना सोडून चालला होता.

हे फक्त बायकोला, सुलोचनाबाईंना ठाऊक आहे, असं ते समजत. पाहुणा काही बोलला की त्या चहाचा कप पुढे करता करता सहज म्हणायच्या, “अहो, ते विचारताहेत गुडघा कसा आहे.” जुन्या नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर असा असायचा. त्याचं अस्तित्व प्रेक्षकांना कळत नसे आणि नटाची अब्रू शाबूत राहत असे. पण गाडीत सुलोचनाबाई नसायच्या. हल्ली गिअर चुकायचा, पिकअप हिसका द्यायची आणि काचेपलीकडे घरची माणसं दचकून स्ट्रेचर धरायची. ते आरशात दिसलं की पंढरीनाथांचे कान तापायचे. ‘काका, आता पुरे,’ असं कुणी म्हणेल, या धास्तीने ते जरा कमीच बोलू लागले.

अशात मे महिन्यातल्या एका वादळात धुळीने कहर केला. दुसऱ्या दिवशी गाडी काळा धूर ओकायला लागली. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबा उभा तडकलेला. धूळ सरळ इंजिनाच्या पोटात जात होती.

ते गाडी घेऊन भंवरलालच्या दुकानी गेले. भंवरलाल सुटे भाग विकायचा, बसवून द्यायचा आणि फुकट सल्लाही द्यायचा. त्याने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक, मुळात होता तसाच बंद डबा, आत कागदी फिल्टर. दुसरी, छतापर्यंत जाणारी उंच नळी, वर झाकणासारखी वाटी. धूळ वाटीतच बसते, हवा तेवढी खाली येते. तिसरा होता शंकूसारखा लाल, चकचकीत, उघडा फिल्टर. त्याला डबा नव्हताच.

“बाऊजी, डब्बा ले जाओ। या ऊपर की पाइप लगवा लो, आँधी में यही काम आती है।” त्याने लाल शंकू बाजूला सारला. “ये तो लड़कों के शौक की चीज़ है। धूल ज़्यादा खाता है और चिल्लाता है।”

“चिल्लाता है, म्हणजे?”

भंवरलाल हसला. बाहेर एका गिऱ्हाइकाच्या पिकअपला तसलाच शंकू होता. त्याने ती सुरू केली आणि अॅक्सिलरेटर दाबला.

पंढरीनाथ जागच्या जागी थिजले. ऐकू येत होतं! इंजिनाने ओढलेला लांब, खोल श्वास, वर चढत गेलेला, पाय सुटताच फुस्स करून उतरलेला. विंगेत उभं असताना बाहेर तिसरी घंटा व्हावी, तसं त्यांच्या छातीत झालं. त्यांनी हाताने खूण केली, पुन्हा. भंवरलालने पुन्हा दाबला.

“हाच लाव,” ते म्हणाले.

“बाऊजी, अर्थी की गाड़ी में ये?”

“हवा मोकळी मिळाली की गाडीचं अॅव्हरेज सुधारतं,” पंढरीनाथ तोंडाला येईल ते बोलले. भंवरलालने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला.

त्या दिवशी घरी येताना एकही हिसका बसला नाही. दारात सुलोचनाबाई उभ्या होत्या. मुलगी उत्कर्षा झालाना भागातल्या तिच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. ती खिडकीतून ओरडली, “बाबा, हे काय लावलंत? मतलब, रेसला जायचंय का?”

“काय म्हणतेय ती?”

“गाडी छान झाली म्हणतेय,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस पंढरीनाथ तिशीतल्या माणसासारखे गाडी चालवत होते. आणि सोळाव्या दिवशी सकाळी रणजीत गेला. तेव्हा फोन सुलोचनाबाईंनी घेतला. त्यांनी ही बातमी पंढरीनाथांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितली, तरी ती दोनदा सांगावी लागली. खरं तर पहिल्या वेळीच त्यांना नीट ऐकू आलं होतं.

जगतपुऱ्यातल्या त्याच्या घरातून रणजीतला त्यांनी स्वतः खांदा देऊन गाडीत ठेवलं. बायकांनी स्मशानात येऊ नये, असं कुणीतरी पुटपुटलं. विनया कुणाकडे न बघता गाडीत चढली आणि डोक्याशी बसली. पंढरीनाथांनी पडदा सरळ केला, काचेतून एकदा बघितलं आणि किल्ली फिरवली.

आजचा प्रवास त्यांना निर्दोष करायचा होता. झालान्याच्या जंगलाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी गाडी अगदी सावकाश ठेवली. गाडीचा श्वास कानांत भरून घेतला. दुसरा गिअर, तिसरा, चढ आला, पुन्हा दुसरा. दह्याची कवडी मोडू नये अशी गाडी चालली. एकदा आरशात बघितलं तेव्हा विनया रणजीतवर वाकली होती. तिचे ओठ हलत होते. ती रडते आहे, असं त्यांना वाटलं. स्मशानाच्या फाटकाशी थांबताना गाडीने शेवटचा फुस्स आवाज केला. पंढरीनाथ मनात म्हणाले, राजा, एकही धक्का नाही हं.

सगळं उरकल्यावर लोक नळावर हातपाय धूत होते. विनया त्यांच्यापाशी आली. त्यांना नीट दिसावं म्हणून ती समोर उभी राहिली होती की काय, कोण जाणे.

“भाऊजी, किती सांभाळून आणलंत त्यांना.”

“वहिनी, त्यात काय.”

“आम्ही ठरवलं होतं. जो आधी जाईल, त्याला दुसऱ्याने नाटकातलं ते शेवटचं पद म्हणायचं. म्हटलं मी. पण गाडीचा आवाज एवढा होता, की माझं मलाच ऐकू येईना. त्यांच्यापर्यंत पोचलं असेल ना हो?”

तिच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेश नव्हता. तिला खरोखर उत्तर हवं होतं. पंढरीनाथांनी मान डोलावली आणि ते नळाकडे वळले. ओंजळीत पाणी भरलं, ते सांडून गेलं तरी ते तसेच उभे राहिले. आयुष्यभर ज्या सुराच्या शेवटासाठी दोरी धरून उभं राहायचं, तो सूर दोन हातांवर चालू होता आणि त्यांनी त्याच्यावर पडदा टाकला होता. तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. स्वतःला ऐकू यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते भंवरलालच्या दारात होते.

“काढ हा. बंद डबा बसव.”

भंवरलालने लाल शंकू काढून डबा बसवला. काम संपल्यावर त्याने गाडी सुरू केली आणि बाजूला झाला. पंढरीनाथांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी विचारलं, “सुरू केलीस का?”

भंवरलालने त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. पत्रा थरथरत होता.

“चालू है बाऊजी।”

घरी आल्यावर त्यांनी किल्ली जेवणाच्या टेबलावर, उत्कर्षाच्या ताटाशेजारी ठेवली.

“मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. वाक्य एवढं मोठ्याने आलं की शेजारच्या भिंतीलाही कळलं असेल.

उत्कर्षाने घास खाली ठेवला. “बाबा, टीव्ही पार जिन्यापर्यंत ऐकू येतो आपला. मला माहीत आहे. मी वाट बघत होते, मतलब, तुम्ही कधी सांगताय.”

“काय म्हणाली?”

सुलोचनाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, “तिलाच पुन्हा सांगू दे.”

उत्कर्षाने त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश, पुन्हा सांगितलं. पंढरीनाथ तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी किल्ली तिच्याकडे सरकवली. ती तशी चांगली चालवायची. ‘या गाडीला हलका हात लागतो’ म्हणून त्यांनीच तिला या सीटवर बसू दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी राजा पार्कमधून फोन आला. एक पंजाबी आजोबा गेले होते. उत्कर्षा स्टिअरिंगवर बसली. पंढरीनाथ पांढरा सदरा घालून पहिल्यांदाच मागे, बाकावर बसले. आजोबांची मुलगी वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती. ते शब्द पंढरीनाथांना ऐकू येणार नव्हते, येऊही नयेत. उत्कर्षा काचेतून मागे बघत होती. त्यांनी तिला हाताने थांबवलं.

आजोबांच्या मुलीचे ओठ हलत होते. मग मंदावले. मग मिटले.

पंढरीनाथांनी मनात तीन आकडे मोजले, पांढरा पडदा हळूच ओढून घेतला आणि काचेवर बोटाने एकदा टकटक केलं. पायाखालचा पत्रा थरथरला. गाडी हलली, तेव्हा स्ट्रेचरवरचं फूलसुद्धा जागचं हललं नाही.