बोला, बाई

इथं परदेशात, चांगी विमानतळाजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये विमानांची इंजिनं दुरुस्तीला येतात. तिथं सांगलीकडचे एक इन्स्पेक्टर होते. इंजिन समोर आलं की पंख्याच्या पात्यावर नखानं टिचकी मारायची, "बोला, बाई" म्हणायचं आणि कान लावायचा. तडा कुठं आहे ते तपासणीच्या यंत्राआधी हे सांगायचे. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी सगळ्यांना सांगतो, म्हणून त्यांची मला हाक एकच, "काय पदवीधर?"

चहाला त्यांची गोष्टही एकच. युद्धानंतर रशियानं जर्मन इंजिनिअर बायकापोरांसकट उचलून व्होल्गाकाठी नेले, त्यांच्याकडून जेट इंजिनं करून घेतली आणि स्वतःची माणसं तयार झाल्यावर त्यांना घरी धाडलं.

यंदा इन्स्पेक्टरांचा इथं काम करायचा पास रिन्यू झाला नाही. त्यांच्या जागेवर इथलीच मे-लिंग येणार होती. शेवटचा महिनाभर ते तिला शेजारी उभं करून टिचकीचा आवाज ऐकायला शिकवत होते. मला राहवेना.

"अहो, सगळं कशाला देताय? थोडं राखून ठेवा, म्हणजे परत बोलावतील."

ते हसले. "पदवीधर, त्या जर्मनांनी हात लावलेल्या इंजिनाची जात आजही उडतेय. आणि त्यांना तर उचलून नेलं होतं. मी हौसेनं आलोय!"

ते गावी परत गेले. सोमवारी मे-लिंगनं पात्यावर टिचकी मारली आणि थेट सांगलीच्या हेलात म्हणाली, "बोला, बाई."

मी तिच्याशेजारी जाऊन कान लावला. मला ते अजून येत नव्हतं.